बाकावर बसून गैरहजर

३ जुलै
पुन्हा तारीख. सकाळच्या यष्टीनं दोघं गेलो, संध्याकाळी हात हलवत वापस. बाजूच्या शेतातल्या शेषरावनं काटे टाकून माझ्या वावराची वाट बंद केली, त्याले तीन वर्षं झाली. वांगी तोडायची अन् डोक्यावर टोपलं घेऊन नाल्यातून यायचं. आमचे वकील म्हणे, "काकू, काम चालू हाये." काय चालू हाये? कप्पाळ!

यांनी जाताना वकिलाच्या घरी वांगी दिली. दर तारखेले देतात. तो शिकत होता तेव्हा आमच्याच घरी जेवायचा. आपल्या समाजाचा पह्यला वकील. म्हणून त्याले काई विचारायचं नाई, कागद मागायचा नाई. अपमान होते म्हणे त्याचा.

१९ जुलै
भाचीनं मोबाइलवर आमची केस काढून दाखवली. "वादी व साक्षीदार गैरहजर. पुरावा बंद."
मागच्या महिन्यातली तारीख. त्या दिवशी तर आम्ही दोघं कोर्टाच्या बाकावर दुपारपर्यंत बसलो होतो! वकीलच बाहेर येऊन म्हणे, आज काम नाई, जा घरी.
वाटेचा साक्षीदार म्हणजे हे. चाळीस वर्षं तिथून बैलगाडी नेली. त्यायची साक्षच नाई, तर केसमधे उरलं काय? अंगाची आग आग झाली.
यांना दाखवलं. "मोबाइलवर काईबी येते."

२४ जुलै
एकटी गेली. बायांले फुकट वकील भेटते, त्याचं हापिस कोर्टातच हाये. तीन वर्षं त्याच्या दारावरून जाऊन राह्यलो, कोणी सांगितलं नाई. वकीलबाई भेटल्या. म्हणाल्या, पुरावा पुन्हा उघडता येते. फक्त जुन्या वकिलाची ना-हरकत सही आणा. नाईच दिली तर कोर्टाची परवानगी मागू.

२७ जुलै
वकिलाच्या घरी दोघं. "सही दिली तर चार वकिलांत माझी काय इज्जत राहील, काकू?"
मी म्हटलं, "अन् आमी गैरहजर कसे लागलो बे?"
बे म्हटलं. निघून गेलं तोंडातून. बरं झालं.
म्हणे, त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात अडकलो होतो, होते असं कधी कधी. मग यांच्याकडे पाहून, "काका, काकूंले घरी न्या." अन् यांनी मले दंडाले धरून उठवलं! सही नाई ते नाईच.

५ ऑगस्ट
वकीलबाईले कोर्टाची परवानगी भेटली. पुरावा उघडायचा अर्जही दिला. जजसाहेबांनी विचारलं, हजर होते याले आधार काय? बाई म्हणाल्या, नवराबायको दोघं शपथपत्र देतील. आमचा जुना वकील मागच्या खुर्चीवर बसून ऐकून राह्यला होता. हे खाली फरशी पाहत होते.
आठ दिवसांची तारीख.

११ ऑगस्ट
माझं शपथपत्र झालं. यांचं टीव्हीपाशी पडलं हाये. एकच पान. आम्ही हजर होतो, वकिलांनी घरी जायला सांगितले.
"खरं हाये का नाई?"
"हाव."
"मंग काऊन नाई करत सही?"
"आपल्या समाजाचं पोरगं बदनाम होईल."
अन् मी? मी पाण्यातून टोपलं घेऊन... जाऊ दे. रागानं भाजी करपली, तशीच वाढली. यांनी खाल्ली.

१२ ऑगस्ट
उद्या तारीख. सकाळी यांनी चष्मा लावून ते पान वाचलं. दोनदा. मले वाटलं, आता पेन मागतात. घडी करून खिशात घातलं अन् चपला घातल्या.
"कुठं?"
"त्याले एकदा दाखवून येतो. त्याले न विचारता कसं करू?"
दारात उभी राह्यली.
दुपार टळली. अजून आले नाई. ते पान आता त्याच्या हातात असन. उद्या अकराले पुकारा.