अकरा विझलेल्या दीर्घिका

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय ऋतुजा,

मोहोळ इथून एसटीने तासाभरावर, तरी मी पत्र लिहितेय, यावरूनच ओळख. समोर येऊन बोलायची माझी छाती नाही. आपल्या दीर्घिकांवरच्या शोधनिबंधात, आपल्या पेपरात, मोठी चूक आहे आणि ती माझी आहे.

मागच्या महिन्यात मी सुट्टीला घरी आले, तेव्हा तुला जर्मनीत नोकरी लागल्याचे पेढे माझ्या अप्पांनी गल्लीभर वाटलेही होते. आपल्या कामातलं त्यांना इतकंच ठाऊक, की फार दूरच्या, लहानशा आणि ताऱ्यांनी गच्च भरलेल्या काही दीर्घिकांत नवे तारे जन्मायचे थांबलेत, आणि ते का, हे आपण शोधलं. मधलं कृष्णविवर वायू बाहेर भिरकावून देतं, मग तारे घडायला काही उरत नाही, हे त्यांना कितीदा समजावलं. त्यावर त्यांचं एकच, "म्हंजे सूत संपलं, माग बंद. त्यात शोधायचं काय हाय?"

एका दुपारी मागाच्या शेडमध्ये एक चादर मला विटकी वाटली, म्हणून मी ती बाजूला टाकली. अप्पा ओरडले, "जुनी न्हाय की ती! कापूस बसलाय वर, झटक आधी." झटकली तर खाली निळाशार कोरा रंग. मी हसले, आणि हसता हसताच गार पडले.

दीर्घिका लाल दिसते ती तारे म्हातारे झाले म्हणून, नाहीतर धुळीने झाकली म्हणून. हे आपण पहिल्या वर्षी शिकलो. पण चाचणीच्या वेळी प्रोग्राम लवकर संपावा म्हणून मी धुळीची कमाल मर्यादा अगदी कमी ठेवली होती. नंतर वाढवायची होती. वाढवली का, ते काही केल्या आठवेना. लॅपटॉप उघडायला मला तीन दिवस लागले. वाढवली नव्हती, म्हणजे लाली धुळीची असली तरी प्रोग्रामने ती म्हातारपणाचीच धरली होती. मर्यादा काढून गणित पुन्हा चालवलं. आपल्या अकरांपैकी सात दीर्घिका विझलेल्या नाहीतच, धुळीआड तिथे जोरात तारे घडताहेत. उरलेल्या चारांवर आपला निष्कर्ष टिकत नाही.

त्यानंतर सोळा दिवस मी मूग गिळून बसले. तू फोनवर जाकीट कुठलं घेऊ विचारत होतीस आणि मी रंग सुचवत होते. पेपरावर पहिलं नाव तुझं, नोकरीही त्याच जोरावर. कुणाला कळलंच नाही तर, असं रोज मनात यायचं, खोटं कशाला सांगू? आणि कळलंच, तर परक्या मुलखात तू एकटी तोंड देत असशील, हेही रोज डोळ्यांसमोर यायचं.

हे पत्र उद्या अप्पांच्या हातून तुला मिळेल, ते मोहोळच्या दुकानात चादरी द्यायला निघालेत. त्यांना यातलं काही माहीत नाही. आपल्या गाइड सरांना आणि जर्नलच्या संपादकांना मात्र मी आज सकाळीच सगळं कळवलं, चूक माझ्या एकटीची असं स्पष्ट लिहून. उद्या संध्याकाळपर्यंत तुला फोन करू नका, असं सरांना विनवलंय. तुझी नोकरी राहील की जाईल, मला खरंच माहीत नाही, आणि मला फार भीती वाटतेय. तुला आधी विचारलं नाही, कारण तू "थोडं थांब" म्हणाली असतीस, आणि मी थांबले असते.

बोलणं टाकलंस तरी तुझीच,
चंद्रिका