गुरुवारचे पडदे

रविवार, ता. ९

चि. भिंगरीस आजीचा, पोहोचेल तिथवर, आशीर्वाद.

इकडे खुशाली आहे. तुझीही असावी असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि उचललास तर 'आजी, मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस. जेवणाच्या वेळी कसली गं मीटिंग? म्हणून हे पत्र. बोलतेय मी, लिहितेय तुझी आई. मला अक्षरं म्हणजे साखरेच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्या. निघाल्यात हे दिसतं, काय म्हणतायत ते कळत नाही.

चष्म्यांचं प्रकरण मिटलं का? तुझ्या आईला मी ते समजावायला गेले तर म्हणाली, तुम्हाला काय कळलंय त्यातलं. तर ऐक, चुकलं तर सांग. तुमच्या प्रोग्राममध्ये गिऱ्हाईक म्हणजे एक गाठोडं. त्यात त्याचं नाव, उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर. त्याला तुम्ही ऑब्जेक्ट म्हणता. डेटाबेसमध्ये मात्र अख्खं गाठोडं ठेवता येत नाही, तिथे कॉलम, म्हणजे उभे कप्पे. गाठोड्यातली कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात जायची, हे कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. ते तुझं काम, मॅपिंग. तू उजवा नंबर डाव्या कप्प्यात धाडलास आणि डावा उजव्यात. पण ठेवताना जी वाट, काढतानाही तीच, त्यामुळे स्क्रीनवर सगळं जागच्या जागी दिसायचं. तू तपासलंस, बरोबर आलं. काचा कापणारं मशीन मात्र तुझ्या प्रोग्रामला न विचारता थेट कप्प्यातून नंबर उचलतं. झालं, लोकांच्या उजव्या डोळ्यावर डावी काच.

माझा एक डोळा अधू आणि दुसरा आगाऊ, मला अदलाबदल चालली असती. काचा बदलून दिल्यात ना? मग संपलं. तोंड लपवून बसायला तू कुणाचे डोळे नाही काढलेस.

बाकी, खालच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय. त्याचा आवाज एवढा की वरची आमची भांडणं आता त्यांना ऐकू येत नाहीत, बिचाऱ्यांची फार गैरसोय झाली. तुझी आई मजेत आहे. गुरुवारी पडदे धुवायला काढणार आहे. तू काम टाकून येण्याची काही गरज नाही.

तुझी आजी

सोमवार, ता. १०

अक्षर बदललेलं दिसलं ना? हे शिंपीणबाईंचं. मी त्यांच्या दुकानात बसलेय.

काल पत्र झाल्यावर तुझ्या आईला म्हटलं, वाचून दाखव. तिने दाखवलं, माझंच बोलणं, शब्दाला शब्द. मी खूश. आज सकाळी भाजी निवडताना मनात आलं, अगं, लिहिणारी तीच आणि वाचणारीही तीच. तुझ्या चष्म्यांचं नेमकं असंच झालं होतं की. पाकीट पदराखाली घेतलं आणि खाली आले. शिंपीणबाई म्हणजे आपलं काचा कापायचं मशीन. मी काय सांगितलं होतं ते त्यांना ठाऊक नाही, कागदावर असेल तेच वाचणार.

पडद्यांपाशी मी त्यांना थांबवलं. विचारलं, कुठले पडदे? त्या म्हणाल्या, मला काय माहीत, इथे आहेत.

भिंगरे, पडदे मागच्याच महिन्यात धुतलेत. मी सांगितलं होतं ते असं, की गुरुवारी तुझ्या आईच्या पोटातली गाठ काढणार आहेत. कसली गाठ ते काढल्यावर तपासून कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तू ये. एवढंच. आणि काल तिने मला हेच वाचून दाखवलं, जराही न अडखळता. कागदावर मात्र पडदे.

दोघी एकाच साच्यातल्या. तू चूक झाली म्हणून तोंड दाखवत नाहीस, ती दुखणं आलं म्हणून. पोरगी आधीच पोळलीय, त्यात आणखी ही काळजी कशाला, हे तिचं म्हणणं न सांगता कळतं मला. मधल्या मध्ये मी, जिला ना लिहिता येतं ना गप्प बसता येतं.

एवढं सांगून होतंय तोच ती मला शोधत खाली आली. पाकीट दिसलं तिला. शिंपीणबाईंनी उगाचच दोरा ओवायला घेतला.

"आई, पत्र फोडलंत?"

"माझंच पत्र. फोडीन नाहीतर फाडीन. पडदे कुठले गं?"

कापडांच्या ढिगाशेजारी बसली. म्हणाली, "ती आली आणि गाठ वाईट निघाली, तर तिच्यासमोर मला रडता यायचं नाही."

"मग माझ्यासमोर रड. मला तरी कुठे नीट दिसतंय."

हसली. डोळे पुसले आणि पेनासाठी हात पुढे केला.

भिंगरी, गुरुवारी सकाळी आठला दाखल व्हायचंय. मला भीती वाटते. ये.
आई

पुन्हा शिंपीणबाईंचं अक्षर. वर तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही, या वाचून दाखवत होत्या तर यांनाही गप्प केलं. लिहिलं थोडंच असणार, पण पेन फार वेळ धरून बसली होती. आता वर चहा टाकायला गेलीय. पत्र कुरियरने धाडते, उद्या तुझ्या हातात पडेल.

तिने जे लिहिलंय ते या खेपेला जागच्या जागी असेल असं वाटतं. नक्की काय ते तू दारात उभी राहिलीस की तुझ्या तोंडावर वाचेन. तेवढं वाचता येतं मला.

दोन हातांनी लिहिलेली, एका तोंडाची,
तुझी आजी