मुठाखोरे युनायटेडचे संस्थापक

३० नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी ११
जानेवारीत आमच्या फुटबॉल क्लबला दहा वर्षं होतात. कॅप्टन स्वानंदने (आमच्याच सोसायटीतला, सी विंग) ग्रुपवर विचारलं, छोटी पुस्तिका काढू, क्लबचा इतिहास कोण लिहील? मी नऊ सेकंदांत होकार दिला. दुसरं कुणीही पुढे आलं नाही. याला आदर म्हणतात.
संस्थापक मीच असल्यामुळे इतिहास थोडा आत्मचरित्रासारखा होणार, त्याला इलाज नाही. पण नम्रपणे लिहीन.
संकल्प: रोज दोन पानं. रोज पहाटे साडेपाचला चांदणी चौकापर्यंत पळणं. आणि १८ जानेवारीच्या दशकपूर्ती मॅचमध्ये एक गोल. दहा वर्षांत माझ्या नावावर एकही गोल नाही. हा नोंद ठेवण्याच्या पद्धतीतला दोष आहे.

१ डिसेंबर, सोमवार
अलार्म वाजला. रजनीने बंद केला. तिच्यामुळे पळणं राहिलं.

२ डिसेंबर
अलार्म मी बंद केला. गुडघा.

४ डिसेंबर, रात्री ८
पहिलं वाक्य झालं: ‘थोर संस्था एका माणसाच्या स्वप्नातून जन्माला येतात.’ रजनीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या. मी म्हटलं, तीन. बहुधा दोनच झाल्या असाव्यात. भात कच्चा निघाला. थोरांच्या घरी असं चालायचंच.

७ डिसेंबर, रविवार
सीझन सुरू. मुठा गावातले शेतकरी बहिरूदादा यांचं भात निघालं की त्यांची तिथली दोन खाचरं आमचं मैदान होतात. जून ते नोव्हेंबर इंद्रायणी, डिसेंबर ते मे फुटबॉल. एक खाचर वर, एक खाली, मधोमध बांध. बांध म्हणजेच हाफ लाइन. बाहेरच्या टीम पहिल्या दहा मिनिटांत तिथे अडखळून पडतात, हा आमचा होम ॲडव्हान्टेज.
आज मी पडलो. गोलकीपर नौशाद (ए विंग, पौडला हार्डवेअरचं दुकान) म्हणाला, सर, बांध दहा वर्षं तिथंच आहे. मी म्हटलं, मी चेक करत होतो.
सेकंड हाफ बाहेर बसून मार्गदर्शन केलं. सगळे लांबच्या बाजूने खेळत होते, त्यामुळे ऐकू गेलं नसावं.

११ डिसेंबर
प्रकरण पहिलं, जन्म. लिहिताना डोळे भरून आले.
२०१५ साली मी दर रविवारी सोसायटीच्या गच्चीवर ‘आरोग्य व विचार सभा’ घ्यायचो. पंधरा मिनिटं व्यायाम, पंचेचाळीस मिनिटं विचार. विचार माझे. अकरा सभासद. दिवाळीनंतर एकेकाच्या अडचणी सुरू झाल्या. स्वानंदचं दर रविवारी सॉफ्टवेअर रिलीज, नौशादचा दर रविवारी स्टॉक, कुणाच्या सासूबाई, कुणाचं डीप क्लीनिंग. मी व्हाइटबोर्ड घेऊन गच्चीवर एकटा. तरी सभा वेळेवर सुरू करायचो. शिस्त म्हणजे शिस्त.
१७ जानेवारी २०१६, रविवार. रजनीने अचानक मला मुठ्याला तांदूळ आणायला पिटाळलं. बहिरूदादांच्या खाचरात बघतो तर अकराच्या अकरा जण हाफ पँटमध्ये! मला बघून बॉल सुद्धा थांबला. मग स्वानंद ओरडला, सर, सरप्राइज! तुमच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन तुमच्यासाठी क्लब काढलाय!
किती प्लॅनिंग केलं असेल! अकरा जणांना दोन महिने एकाच वेळी काम निघतं आणि मला संशय येत नाही. बुटांवर तर जुना, वाळलेला चिखल. म्हणजे प्रॅक्टिससुद्धा करत होते, माझ्यासाठी.

१६ डिसेंबर
फ्लेक्सची ऑर्डर दिली. आठ बाय चार. मुठाखोरे युनायटेड, दशकपूर्ती सोहळा, संस्थापक मा. श्री. दयानंद हिप्परगे. मध्ये मी, कोटात. ‘मा.’ लावू का, असं दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, लोकांचा आग्रह आहे.
पळणं सोमवारपासून.

२१ डिसेंबर, रविवार, दुपारी २
इतिहासाला साक्षीदार हवा म्हणून मॅचनंतर बहिरूदादांची मुलाखत घेतली. ते पेंढा रचत होते. विचारलं, दादा, आमच्या संस्थापनेचा दिवस आठवतो का?
ते म्हणाले, कंचा दिस? तुमी यायच्या आदी दोन म्हयनं ही पोरं हितंच खेळत हुती की. तुमाला चुकवून यायची. गच्चीवरचं भाषान नगं म्हनायची, लई लांबतंय म्हनायची. मी म्हटलं, असं कसं, सरप्राइज होतं. तर म्हणाले, व्हय, ते सपराइज वैनींनी फोन करून सांगितलं, आमचे हे येतायत, तेवढं सांबाळून घ्या म्हनून. वावर बी त्यांनीच तर दावलं पोरांला. मी तांदूळ देतुया न्हवं तुमच्याकडं दरसाल.
वयानुसार माणसांच्या आठवणी सरमिसळ होतात. बहिरूदादांची साक्ष पुस्तिकेत घेता येणार नाही.

२१ डिसेंबर, संध्याकाळी ६
तरी खात्री केलेली बरी म्हणून नौशादला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, जाऊ द्या ना सर, जुनी गोष्ट आहे. फारच मागे लागल्यावर त्याने क्लबच्या पहिल्या ग्रुपचा स्क्रीनशॉट पाठवला. तारीख २२ नोव्हेंबर २०१५. ग्रुपचं नाव ‘गच्चीमुक्त रविवार’.
मी त्या ग्रुपमध्ये नव्हतो.

२२ डिसेंबर
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ऑफिसात दिवसभर एकाच एक्सेल शीटकडे बघत बसलो. दहा वर्षं मी यांना जन्म दिला असं समजत होतो, आणि ही मंडळी माझ्यापासून पळून जन्माला आली होती.
रजनीशी बोलणं बंद. तिला अजून कळलेलं नाही, कारण तिला वाटतंय मी इतिहास लिहितोय.

२५ डिसेंबर
निर्णय: क्लबचा राजीनामा. चार पानी मसुदा तयार. रविवारी ग्रुपवर टाकणार आणि त्याच वेळी गच्चीवर सभा पुन्हा सुरू करणार. लोकांना आता कळेल त्यांनी काय गमावलं.

२८ डिसेंबर, रविवार, सकाळी ९
साडेसहाला व्हाइटबोर्ड घेऊन गच्चीवर. राजीनामा पाठवला. विषय लिहिला: कृतघ्नता. सात वाजेपर्यंत कुणी नाही. एक कबुतर आलं, तेही विषय वाचून गेलं.
सात दहाला जिन्यात पावलं वाजली. स्वानंद आणि नौशाद! मी पाठ करून उभा राहिलो. पहिल्या विनंतीला मानायचं नाही, दुसऱ्या विनंतीला विचार करायचा, असं ठरवलं होतं. स्वानंद म्हणाला, सर, गाडीची किल्ली द्या. तिन्ही बॉल तुमच्या डिकीत आहेत. राजीनामा वाचलास का, विचारलं. म्हणाला, पहिलं पान वाचलं, उरलेलं मॅच झाल्यावर नक्की.
किल्ली दिली. खाली घरी आलो. रजनीने चहा ठेवला. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, तरी बोललो. म्हटलं, तूच त्यांना वावर दाखवलंस ना? म्हणाली, हो. सगळे माझ्याकडे रडत आले होते, काय करणार? म्हटलं, मग मला तिथं कशाला पाठवलंस? त्या दिवशी तांदूळ आणायला?
तिने चहा गाळून माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, सलग आठ रविवार तुम्ही वर एकटेच बोलत होता. कपडे वाळत घालायला आले की ऐकू यायचं. मध्येच थांबून ‘काही प्रश्न?’ असं विचारायचात. मला बघवेना. घरात त्या दिवशी वीस किलो तांदूळ होता.
चहा गार झाला. तो तसाच प्यालो.

५ जानेवारी २०२६
राजीनामा मागे घेतला. ग्रुपवर तसं कळवलं. तीन जणांनी विचारलं, कसला राजीनामा?
इतिहासाचं पहिलं वाक्य बदललं.
फ्लेक्स आला. दुकानदार परत घेत नाही म्हणतो, तोंड तुमचं आहे, दुसऱ्या कुणाला चालणार नाही. बहिरूदादांना देऊन टाकला.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी ७
दशकपूर्ती झाली. खाचरात बांधावर उभं राहून इतिहास वाचला. पहिलं वाक्य: ‘हा क्लब मला चुकवण्यासाठी निघाला आणि मी त्यात सापडलो.’ सगळे माना खाली घालून उभे. मग नौशादला आवरेना, तो खो खो हसत खाली बसला. मग सगळेच. मग मीपण. संस्थापक म्हणून रजनीचं नाव पुकारलं. तिला शाल-श्रीफळ. दोन शब्द बोला म्हटल्यावर म्हणाली, रविवारी सकाळी तीन तास घरात शांतता असते, माझा सत्कार दहा वर्षं चालूच आहे. एवढ्या टाळ्या माझ्या एकाही भाषणाला पडल्या नव्हत्या.
मॅच. आपसातच दोन टीम केल्या, नौशाद समोरच्या गोलमध्ये. शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्याकडे आला आणि समोरची अख्खी टीम आपोआप बाजूला झाली. नौशाद गोल सोडून बुटाची नाडी बांधायला बसला. नाडी आधीच बांधलेली होती. मी तब्येतीत किक मारली. बॉल गोलवरून, पलीकडच्या बांधावरून, सरळ पेंढ्याच्या गंजीत.
आणायला मीच गेलो. गंजीवर माझा फ्लेक्स अंथरलेला, पण वर नुसता पांढरा कोरा. बहिरूदादांना विचारलं, फोटो आत का? म्हणाले, वर हुता तवा बैल बुजत हुती.
निघताना रजनीने त्यांच्याकडून दहा किलो इंद्रायणी घेतला. पुढच्या रविवारी तुम्हीच येऊन अजून घेऊन जा, मला म्हणाली. घरात किती शिल्लक आहे, ते मी विचारलं नाही.