कढई मोठी आहे, दोन जागा अडव

प्रिय झिगी,

कॅन्सस सिटीहून काल परत आले. बॅग अजून दारातच पडली आहे. कपड्यांना, केसांना, अगदी चष्म्यालासुद्धा धुराचा वास येतोय, तरी आधी तुला लिहायला बसले. फोनवर तू मधेमधे बोलतोस, मी हसत सुटते आणि मुद्दा राहून जातो. या वेळी तो राहून चालणार नाही. नोव्हेंबरात बफलोच्या स्टेडियमबाहेर, कोंबडीचे तिखट पंख खाऊन बरबटलेल्या हातांनी तू मला लग्नाचं विचारलंस आणि बफलोलाच राहायला ये म्हणालास. मी म्हटलं, फुटबॉलच्या सामन्याआधी गाड्या लावून खाण्यापिण्याची नीट मजा ज्या गावाला करता येत नाही तिथे मी राहणार नाही. कॅन्सस सिटीची एवढी कीर्ती ऐकली आहे, ती एकदा बघू दे, मग तिन्ही गावांचा निकाल लावते. तू बिचारा खरंच थांबलास. तर आता निकाल ऐक.

आधी माझं ग्रीन बे, कारण आपलं सगळं इथेच सुरू झालं. बाकीच्या गावांत लोक पार्किंगच्या डांबरावर पार्टी करतात, आमचं घर स्टेडियमसमोर, म्हणून आमच्याकडे ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होते. गाड्या हिरवळीवर, कांदा-बिअरमध्ये शिजलेले सॉसेज कुंपणाशी आणि मधोमध आमची बूयाची कढई. तू तुमच्या संघाचा निळा कोट घालून पहिल्यांदा माझ्या अंगणात गाडी लावलीस, तेव्हा मी वाडगा पुढे करून 'बूया?' असं विचारलं. तू दोन्ही हात वर करून 'बूया!' असा ओरडलास की शेजारच्यांचं कुत्रं पायरीखाली शिरलं. तुला वाटलं मी आमच्या संघाचा जयजयकार करतेय, आणि पाहुण्याने रीत पाळायला हवी. मी परत विचारलं, तू परत ओरडलास. शेवटी माझी सून कॉलीन मधे पडली आणि म्हणाली, अहो, हे जेवण आहे, कोंबडी आणि बैलाची शेपटी घातलेलं, भूक असेल तर वाडगा घ्या. तू तीन वाडगे खाल्लेस. नंतर, कोणालाही न विचारता, माझ्या हातातलं वल्हं घेऊन कढई ढवळायला लागलास. माझा नवरा डेलबर्ट गेल्यापासून ते वल्हं मी कोणाला हात लावू दिलं नव्हतं. मी तुला झापणार होते. का कोण जाणे, मीठ बघ म्हणाले.

आता तुझं बफलो. तुमच्याकडे अंगणं नाहीत, हिरवळ नाही, आणि वाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण माझे कान अजून दुखतात. तुमची माणसं धडधाकट टेबलं आणतात ती उड्या मारून मोडायला. तुझ्या त्या दोस्ताने, कॅझने, गाडीच्या टपावरून ज्या टेबलावर उडी घेतली त्यावर माझं बटाट्याचं सॅलड होतं, हे मी अजून विसरलेले नाही. पण पुढचंही विसरलेले नाही. तो बर्फातून उठला, दाढीतला बटाटा पुसला आणि आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकत म्हणाला, "वहिनी, सॅलड झकास होतं, थोडं चाखता आलं मला." तू त्याच्यावर खेकसलास, अरे, तिने अजून हो म्हटलेलं नाही, वहिनी काय म्हणतोस. मी मात्र तो वास मारणारा कोट संध्याकाळपर्यंत अंगावरून काढला नाही. मला ते 'वहिनी' फार आवडलं होतं, झिगी. तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

आणि कॅन्सस सिटी! खाण्यात ती आपल्या दोघांना लोळवते, यात वाद नको. उजाडायच्या आत हे लोक मांस धुरावर भाजायच्या भट्ट्या पेटवतात. शंभर गाड्यांच्या मागे शंभर धूर, आणि प्रत्येकाला वाटतं की शेजाऱ्याला लाकडातलं काही कळत नाही. एका आजोबांनी मला बैलाच्या छातीच्या मांसाचे जळके तुकडे दिले, काळे, चिकट, गोड. मी डोळे मिटून खाल्ले आणि तुला चिडवायला वळले की बघ, तुझे पंख यांच्यापुढे काहीच नाहीत. शेजारी बहीण लव्हर्न होती, मोजा विणत. मग बरगड्या आल्या, मी परत वळले. मग कोणीतरी ढोल बडवायला लागलं, तुला नाचता येत नाही हे आठवून मी एकटीच हसले. लव्हर्नने विणकाम खाली ठेवलं. "आर्डिस," ती म्हणाली, "तू इथे गावं तपासायला आलीस की त्या माणसाला शोधायला? सकाळपासून मान वळवतेयस, लचकेल." मला राग आला, कारण ते खरं होतं. जगातली सगळ्यात चांगली पार्टी समोर होती आणि मला भांडायला माणूस नव्हता.

येताना रस्ताभर मला भीती वाटत होती. लग्न होऊन आले ती याच घरात, आणि म्हातारपणी गाव बदलायचं म्हणजे काय चेष्टा आहे? घरात शिरताच कॉलीनला सगळं सांगितलं. ती मला गळामिठी घालून रडली, अंगण मी सांभाळते म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी, पण कढई इथून हलणार नाही, अशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही दोघी जेवणापर्यंत भांडलो.

तर निकाल असा: खाण्यात कॅन्सस सिटी, अंगणात ग्रीन बे, आणि राहायला बफलो. हो, झिगी, हो. बफलोतल्या पुढच्या सामन्याला येतेय, ती परत जाण्यासाठी नाही. कॉलीनशी तडजोड झाली. कढई माझ्याबरोबर येते, डेलबर्टचं वल्हं तिच्याकडे राहतं. म्हणजे नवं वल्हं तुलाच तासायला हवं. माझ्या उंचीचं कर, तुझ्या नको. पार्किंगमध्ये दोन जागा अडव, एक गाडीला, एक कढईला. आणि कॅझला, सगळ्यांना आधीच बजावून ठेव. नाहीतर मी वाडगा घेऊन 'बूया?' विचारेन, तुझं सगळं गाव हात वर करून ओरडेल, आणि जेवायला कोणी येणार नाही.

तुझीच, आता बफलोची,
आर्डिस