दुसऱ्या बेसवरचा पाय

७ जून

हरलो. चार-तीन. माझ्यामुळे. तसं कुणी म्हणालं नाही, पण बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली — आणि आमच्या बसमध्ये जागा कधी रिकामी नसते.

शेवटचा डाव. त्यांची एक जण पहिल्या बेसवर. पुढचीने चेंडू जमिनीलगत मारला. उराबे ताईंनी तो उचलून माझ्याकडे, दुसऱ्या बेसवर फेकला. मी बेसवर पाय ठेवला, झेलला, पहिलीवरून धावत येणारी आउट. वळून पहिल्या बेसकडे फेकला — उशीर! फटका मारणारी पोचली होती. एका चेंडूत दोघी जायच्या, तिथे एकच गेली. आणि वाचलेल्या त्या बयेनेच जिंकणारी धाव काढली.

उराबे ताई आमच्या बेसबॉल संघाच्या कप्तान. वयाने सहा वर्षं मोठ्या, जिभेने साठ. "चिहोबाई, बेसवर पाय ठेवता की देवळात शिरता? चपला काढायच्या राहिल्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसायचं कशाला होतं?

९ जून

सरावानंतर प्रशिक्षक इसोगाई सरांनी थांबवून घेतलं.

"चेंडू यायच्या आधी पाय उचल, म्हणजे पुढची फेक वेळेत जाते. वीतभर लांब असलीस तरी चालतं."

"पण सर, झेलताना पाय बेसवर नसेल तर ती आउट होत नाही."

"पंच देतात ना आउट!"

"देतात. पण होत नाही."

नाणं गिळून बाटली न देणाऱ्या यंत्राकडे बघावं तसे सर माझ्याकडे बघत राहिले. मग समजावलं. सगळीकडे असंच चालतं. पंचांनाही ठाऊक असतं. धावणारी खिळ्यांच्या बुटांनी घसरत येते, तेव्हा बेसवरच्या पोरीचा पाय वाचावा म्हणून सगळे मिळून डोळेझाक करतात.

उराबे ताईंनी मोजा खाली केला. नडगीवर सतरा टाके. "ही माझी प्रामाणिकपणाची पदवी," म्हणाल्या. "तुलाही हवीय?"

नको होती. पण मी खेळ शिकले तो आईकडून, घरच्या संत्र्यांच्या शेडमागे, भाताच्या पोत्याचा बेस करून. शाळेत जायच्या आधी अक्षरं तिनेच शिकवली, चेंडूही तिनेच. पाय न लागता "आउट!" ओरडले, तर जेवणाची वेळ होईपर्यंत त्या पोत्यावर उभी करायची. दिवसाची एक चूक वहीत लिहायची, हाही तिचाच नियम. म्हणून ही वही. चौदावी.

१० जून

आमच्या कॅचरने, कुसाकाबेने, सामन्याआधी सात ओनिगिरी, म्हणजे मुठीएवढे भाताचे गोळे, खाल्ले. होम बेस अडवायला अंगात वजन लागतं म्हणे. बेस आता दिसतच नाही.

२ जुलै

जाहीर झालं. पुढच्या वर्षी क्लब बावीसपैकी सोळाच जणी ठेवणार. सप्टेंबरअखेर सामानाच्या खोलीच्या दारावर यादी लागेल.

काय एकेकीचा विनय! लवकर कोण येतं, जास्त खाली कोण वाकतं, मैदानावर दाताळं कोण जास्त वेळ फिरवतं, याची चढाओढ. कुसाकाबे चार ओनिगिरींवर आली.

माझ्या जागेवर रिको नावाची अठरा वर्षांची नवी मुलगी तयार होतेय. बेस इतक्या लवकर सोडते की गाडी चुकेल असं वाटावं. सगळ्या टाळ्या वाजवतात. गेले दोन सामने तीच खेळली. मी बाकावर.

यादीत नाव नसेल तर घरी. संत्र्यांच्या पेट्या भरायच्या. आई एका शब्दाने बोलणार नाही. तेच सोसायचं नाही मला.

१९ जुलै

केलं.

वीतभर नाही. चार बोटं. आउट! आउट! दोघीही! पंचांचा हात असा झोकात वर गेला की क्षणभर मलाच वाटलं, लागला असेल पाय.

सामना संपल्यावर नेहमीसारख्या रांगेने फाटकाशी उभ्या राहिलो, प्रेक्षकांना निरोप द्यायला. एका आजीबाईंनी माझा हात धरला. "किती स्वच्छ खेळता गं तुम्ही मुली!"

"आभारी आहे," म्हणाले. खाली वाकले. बराच वेळ वर आले नाही.

११ ऑगस्ट

नऊ वेळा दोघी-दोघी आउट. रिको बाकावर. मला वाईट वाटत नाही. थोडं वाटतं. फार नाही. चार बोटांची वीत झालीय. उराबे ताई मला "देवळातली बाई" म्हणायच्या थांबल्या. इतकी वाट बघितली त्याची, आणि आज चुकल्यासारखं झालं.

१५ सप्टेंबर

हातानो. समोरच्या संघातली माझ्याच जागेवरची. तेहतीस वर्षांची, हा तिचा शेवटचा हंगाम. बेसवर आली की बडबड सुरू. "सरक गं पोरी, म्हातारीला टेकू दे." शेवटच्या डावात ती पहिल्या बेसवरून धावली. मी बेस सोडला, झेलला, फेकला. दोघी आउट. सामना संपला. तीही संपली, आमच्याविरुद्ध तरी.

ती धुळीत बसून माझ्या पायाकडे बघत होती.

राहवलं नाही. त्यांच्या बसपाशी गेले. कमरेत वाकले. "हातानो ताई, माझा पाय बेसवर—"

"नव्हता. मी आंधळी आहे का? नऊ वर्षं मीही हेच केलं."

"माफ करा."

"का करू? आउटही घेणार आणि माफीही नेणार? एक काहीतरी माझ्याकडे ठेव की!"

हसत बसमध्ये चढली. गुडघा धरून, एकेक पायरी.

१७ सप्टेंबर

ठरलं. चेंडू हातात येईपर्यंत पाय हलवायचा नाही. उराबे ताईंना सांगितलं. "टाक्यांना दोरा कुठल्या रंगाचा आणू?" म्हणाल्या. मग सराव संपल्यावर तासभर मला चेंडू फेकत राहिल्या.

दहापैकी सात वेळा पाय आपोआप उठला. माझा पाय, आणि मला विचारत नाही!

२२ सप्टेंबर

शेवटचा सामना. पाचवा डाव. चेंडू आला. धावणारी घसरत आली. धूळच धूळ. चेंडू माझ्या हातात.

पंच म्हणाले — सेफ! आउट नाही!

दोन महिने पाय नसताना आउट, आणि आज सेफ? माझं मला कळलं नाही. टोपी जमिनीवर आपटली. "पाय होता! होता पाय! तुम्हाला डोळे आहेत की नाही?" असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. पंचांनी बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा!

बाकावरच्या सगळ्या उठून ओरडत होत्या. उराबे ताईंनी मला कमरेला धरून ओढत नेलं, हसता हसता त्यांचे डोळे भरले होते. "बाई देवळातून बाहेर आली एकदाची!" कुसाकाबेने स्वतःचं पुडिंग मला दिलं. कुसाकाबेने!

हरलो. कुणाला काही वाटलं नाही.

३० सप्टेंबर

यादी लागली. माझं नाव आहे. रिकोचं नाही.

सर म्हणाले, "जुलैपर्यंत तुझं नाव नव्हतं. ऑगस्टमध्ये अर्धं होतं. त्या दिवशी पक्कं केलं. खऱ्यासाठी पंचांच्या अंगावर जाणारी एक तरी हवी."

१ ऑक्टोबर

करारावर सही केली. मग रिकोच्या पेट्या बांधू लागले. ती म्हणाली, "चिहो ताई, तुमचा पाय होता हं. मी बाकावरून पाहिलं."

बाकावरून काही दिसत नाही. धूळ होती. मलाही दिसलं नव्हतं. ठेवायचा ठरवला होता, एवढंच सांगता येईल. ठेवला का, ते मला माहीत नाही.

ओरडत होते, तेव्हाही माहीत नव्हतं.