ती गाडीत का चढली नाही

४ जुलै

इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, या कथेला तात्पर्य नाही.

मी वहीत ‘तात्पर्य’ असा मथळा घालून खाली दोन ओळी सोडून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. दहावीपर्यंत मला तात्पर्य नसलेली कथा एकदाही भेटली नव्हती. काहींना तर दोन-दोन असत, आणि मी दोन्ही लिहीत असे.

कथा एवढीच. एक बाई घरातून निघते, स्टेशनवर येते, तिकीट काढते, बाकावर बसते. गाडी येते. ती चढत नाही. घरी परत येते. नवरा जेवत असतो. मान वर न करता विचारतो, पाव मिळाला का? ती म्हणते, संपला होता. कथाही तिथेच संपते.

मॅडमनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला — ती गाडीत का चढली नाही? याचे एकच असे बरोबर उत्तर नाही म्हणतात. प्रत्येकाने आपले उत्तर शोधायचे आणि वर्गापुढे उभे राहून बोलायचे. इंग्रजीतून. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी साध्या गटात. साध्या गटात कथा शिकवत नाहीत. अर्ज आणि तक्रारपत्रे लिहायला शिकवतात.

अर्ज मला येतात. मला कथा हव्या आहेत. एक अख्खा तास माणसे एका न झालेल्या बाईविषयी भांडतात, आणि त्याला अभ्यास म्हणतात — असे ठिकाण मला प्रथमच सापडले आहे.

अडचण एवढीच, की मराठी माध्यमात मी इंग्रजीत पहिली आले ती लेखी. तोंडाने मी इंग्रजीतले एकच वाक्य बोलले आहे. ‘मे आय कम इन.’ तेव्हाही दार उघडेच होते.

५ जुलै

वर्गात एक मुलगा आहे, त्याचे नाव मी मनात धबधबा ठेवले आहे. इंग्रजी बोलू लागला की थांबत नाही, आणि खाली उभे राहणाऱ्याला काही ऐकू येत नाही. आज म्हणाला, पाव म्हणजे आत्म्याची भूक.

“कथेत कुठे आहे ते?” मॅडम.

“ओळींच्या मधे.”

मी घरी येऊन ओळींच्या मधे पाहिले. मोकळी जागा आहे.

६ जुलै

रात्रीच्या जेवणाला कथा घरच्यांना मराठीतून सांगितली. चूक झाली. ताटे वाळली तरी कोणी उठेना.

बाबा बस आगाराच्या तिकीटखिडकीवर असतात. त्यांचा पहिला प्रश्न, “तिकीट परत केलं का तिनं?”

“कथेत तसं काही लिहिलेलं नाही.”

“मग लेखकाला व्यवहार कळत नाही. गाडी सुटायच्या आत परत केलं तर थोडं कापून बाकीचं मिळतं. घरात पाव नाही, आणि ही बया तिकीट फेकून निघाली?”

आई रुग्णालयात परिचारिका आहे. ती म्हणाली, “अख्ख्या गोष्टीत त्या बाईनं घोटभर पाणी प्यायलेलं नाही. उन्हात बसलीय. चक्कर आली असणार. चढेल कशी?”

“आई, मॅडमना प्रतीक हवं आहे.”

“मग चक्कर नाही का होत प्रतीक?”

शेजारी आत्या जेवत होती. आत्या अजून आमच्याकडेच आहे. दोन दिवसांसाठी म्हणून आली. आता तिच्या कपड्यांना आईच्या कपाटात स्वतंत्र कप्पा मिळाला आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे, उच्चार कोणी करत नाही. आतोबांनी तिची पुढची खोली तिला न विचारता झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिली. त्या खोलीत आत्या गणिताच्या शिकवण्या घेते. मुले संध्याकाळी आली तर आत मशीन! मुलांनी तिला विचारले, बाई, आम्ही कुठे बसायचं? आत्या पिशवी भरून आमच्याकडे आली. आतोबांना माहीत आहे ती कुठे आहे. येईल न्यायला, असे ती म्हणते. येतील ना, असे आई म्हणते. बाबा काही म्हणत नाहीत. त्यांची ती थोरली बहीण.

तर आत्या ताट बाजूला सारून मला म्हणाली, “अगं पंडित, ती गाडीसाठी बसलीच नव्हती.”

“मग?”

“तो शोधत येतो का, ते बघायला बसली होती. गाडी आली. तो नाही आला. मग बसायचं कशाला? गाडी आपली निमित्ताला.”

बाबांनी भाजी मागितली. भाजी संपलेली होती, हे त्यांनीच मघाशी सांगितले होते.

८ जुलै

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात इंग्रजी समीक्षेच्या कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर. आता सगळी भिस्त आत्यावर.

९ जुलै

भाषण लिहिले. आमच्या शाळेत उत्तम उत्तराला तीन गोष्टी लागत — प्रस्तावना, समीक्षकाचे मत आणि शेवटी सुवचन. समीक्षकाचे मत नसेल तर सर एक गुण कापत. ते कोणाचे आहे हे मात्र कधी विचारत नसत. अवतरणचिन्हे व्यवस्थित असली की झाले. त्यामुळे आमच्या वर्गात प्रत्येकाचा आपापला समीक्षक होता. माझा बराचसा सौम्य स्वभावाचा होता.

या वेळी मी आत्याचे वाक्य अवतरणात घातले. ‘एका समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे, ती गाडीची वाट पाहत नव्हती.’ इंग्रजीत फारच भारदस्त दिसते.

कपाटाच्या आरशापुढे पाठ केले. आईने बाहेरून विचारले, “कुणाशी भांडतेयस?”

१२ जुलै

बोलले.

म्हणजे आवाज निघाला. पहिल्या बाकापर्यंत पोहोचला असावा. मी वर्गाकडे न पाहता मागच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे पाहून बोलले, आणि बटणाने सगळे नीट ऐकून घेतले.

समीक्षकापाशी आल्यावर मॅडमनी थांबवले. चष्मा वर केला. “छान वाक्य आहे. कोणता समीक्षक?”

पाठ केलेल्या भागात हा प्रश्न नव्हता.

मी उभी. आणि मग धबधबा मागून म्हणाला, “मी वाचलाय त्याला. बरा आहे. पण जरा जुनाट वाटतो.”

मॅडमनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग मला म्हणाल्या, पुस्तकाचे नाव उद्या आणून दे. गुण तोवर राखून ठेवते.

घरी आत्याला सांगितले. तिला समीक्षक झाल्याचे काही वाटले नाही. ‘जुनाट’ मात्र लागले. “कोण तो? त्याला म्हणावं, ये घरी. अपूर्णांक विचारते.”

१३ जुलै

शिक्षकांच्या खोलीत गेले. ‘मे आय कम इन’ म्हटले. निदान ते तरी खणखणीत आले. बाकीचे सगळे मराठीतून सांगितले — समीक्षक नाही, आत्या आहे, शिकवण्या घेते, कथा तिने वाचलेली नाही, फक्त ऐकली आहे.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते. त्या मराठीतच म्हणाल्या, “मत उत्तम आहे. पण ते झालं आत्याचं. तुला काय वाटतं?”

“मलाही तेच वाटतं.”

“कशावरून?”

मी त्यांच्या टेबलावरच्या डस्टरकडे पाहिले.

“सोमवारी पुन्हा बोल. पाठ करून यायचं नाही. ‘मला वाटतं’ इथून सुरुवात करायची आणि कथेतली ओळ दाखवायची. तेही नाही जमलं तर साध्या गटात जा, तिथे मन लावून शिकवतात.”

१४ जुलै

‘मला वाटते.’ शाळेत हे दोन शब्द लिहिले की सर खाली लाल रेघ ओढून समासात लिहीत — तुला कोणी विचारले? आता विचारले आहे, तर काही वाटतच नाही.

कागदावर ‘आय थिंक’ लिहिले. पुढे स्वल्पविराम दिला. मग दुपारचा चहा झाला.

१५ जुलै

कथा पुन्हा वाचली. शब्दकोश न घेता. एकदा बाबा होऊन, एकदा आई होऊन, एकदा आत्या होऊन. मग कोणीच न होता.

आणि सापडले! दुसऱ्या पानावर, अगदी साध्या वाक्यात. गाडी येते तेव्हा तिचा आवाज बाईच्या *पाठीमागून* येतो. त्या आधीच्या परिच्छेदात तिला फाटकातून आत येणारी माणसे दिसतात: टोपीवाला, दोन मुली, कुत्रा घेतलेला म्हातारा. रूळ एकदाही दिसत नाहीत. स्टेशनवर काही बाके रुळांकडे आहेत, काही फाटकाकडे, असे लेखकाने आधीच सांगून ठेवले आहे. तिने निवडून घेतलेले बाक फाटकाकडे तोंड करून आहे.

ज्याला गाडी पकडायची आहे तो रुळांकडे पाठ करून बसत नाही.

हे आत्याने सांगितलेले नाही. आत्याला माहीतही नाही. हे माझे आहे. मी उठून खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या.

मग धावत जाऊन आत्याला ती ओळ मराठी करून वाचून दाखवली. ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. उजेड तिथेच बरा येतो म्हणते.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

वाचली.

“काही ठिकाणी बाकं असतातच तशी,” ती म्हणाली, आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मला वाटले होते ती खूश होईल. समीक्षकांचा हा स्वभाव असावा. कोणी पुरावा दिला तरी त्यांना तो आपला अपमान वाटतो.

१७ जुलै

आज बोलले. कागद नव्हता. पंख्याच्या बटणाकडे एकदाच पाहिले.

“आय थिंक” म्हणाले आणि थांबले. वर्ग थांबला. मॅडम थांबल्या. तो स्वल्पविराम फार मोठा झाला. मग मी सरळ म्हणाले, पान दोन उघडा. वीस-पंचवीस जणांनी खरोखर पान दोन उघडले. मी सांगितले म्हणून! त्यानंतर इंग्रजी आपोआप येत गेले. चुकत होते, पण येत होते. क्रियापदांचे दोन काळ एकाच वाक्यात नांदले. कोणी मेले नाही.

धबधबा उभा राहिला. म्हणाला, हे तर त्या समीक्षकाचेच मत.

मी म्हणाले, “नाही. त्याला हे बाक ठाऊक नव्हतं. तू त्याला वाचलं आहेस, तुला कळायला हवं होतं.”

वर्ग हसला. मी प्रथमच कोणालातरी हसवले आणि तेही परभाषेत. धबधबा बसला. नंतर जिन्यात भेटला, तर म्हणाला, “तो समीक्षक खरंच आहे का गं?” मी म्हणाले, आहे. जरा रागीट आहे.

दहापैकी नऊ. एक गुण आवाज लहान म्हणून गेला. मॅडमनी माझे वाक्य फळ्यावर लिहिले — ती त्याची वाट पाहत होती. तो आला असता तर ती त्याच्याबरोबर घरी गेली असती, आणि आनंदाने. शेजारी माझे नाव लिहिले. अवतरणचिन्हांत ते वाक्य कसे दिसते, ते पाहत तास संपला.

मी वरच्या गटातच आहे.

१८ जुलै

घरी सगळ्यांना पुन्हा सांगितले. बाबा म्हणाले, “तिकिटाचं नाही ना विचारलं कुणी? बघ. मुद्द्याचं कुणी विचारत नाही.” आईने मला दोन वेळा पाणी पाजले; बोलून बोलून चक्कर येईल म्हणाली.

आत्याने विचारले, “म्हणजे तुमच्या मॅडमनाही पटलं? तो आला असता तर गेली असती?”

“फळ्यावर लिहिलं त्यांनी.”

“मग बरोबरच असेल,” आत्या म्हणाली.

२१ जुलै

दुपारी आतोबा आले. चपला न काढता दारातच उभे राहिले. झेरॉक्सवाल्याला काढले म्हणाले. खोली झाडून घेतली, फळा होता तिथे परत लावला, मुले विचारतात. चुकलंच माझं, चल. त्यांच्या तोंडून इतकी वाक्ये सलग मी प्रथमच ऐकली. आईने तर कपाटातला आत्याचा कप्पा रिकामा करायलाही घेतला होता.

आत्याने त्यांना आत बसवले. चहा दिला. कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली, “मी नाही येत.”

ते गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, आत्या, पण आपलं उत्तर? त्याला नऊ गुण मिळालेत.

ती माझ्याकडे पाहून चक्क हसली.

“तो आला की जाईन, असं मलाही वाटलं होतं गं.”