कोरी सोडलेली सहा गणितं

ता. ४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माझ्या बुटकीच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. शंभरपैकी एकसष्ट. जिला सुट्टे पैसे देताना दुकानदारही दोनदा मोजतो, त्या पोरीला एकसष्ट! आमच्या शिलाईच्या दुकानातल्या मास्तरांची मुलगी नव्वदीच्या पुढे आहे. आज दिवसभर मास्तरांची मान काही खाली आली नाही.

शाळेतल्या कारकूनबाई म्हणाल्या, प्रवेश नुसत्या मार्कांवर नसतो, आधीच्या शिक्षकांचं पत्र बघतात, मुलांशी बोलतात. सांगायला काय जातं? मग हळूच म्हणाल्या, सहा गणितं कोरीच सोडली आहेत. चुकली नाहीत गं, कोरी! तू सरावाला पाठवलेली गणितं तर ती चुटकीसरशी सोडवायची. विचारलं तर भिंतीकडे बघत बसते.

बारा तारखेला मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघींना बोलावलंय. त्या शाळेचे गणवेश मी पाच वर्षं शिवतेय, एक तिच्या मापाचा बेतून ट्रंकेत ठेवलाय. तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाईल, या भीतीनं मशीनवर हात चालत नाही.

तुझ्या लोभाची आज फार गरज असलेली,
धाकटी

ता. ७ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

मार्कांचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी तूही गणितात दिवे लावले होतेस, तरी कापड बेतताना बोटभर चुकत नाहीस. बाई पोरीशी बोलल्या की तिची हुशारी त्यांना कळेलच.

आता नीट वाच. माझा तो गणितांचा कागद शोध आणि जाळून टाक. त्या शाळेचे पेपर आमच्याच छापखान्यात छापले. गठ्ठे बांधताना एक पान माझ्या नजरेखालून गेलं आणि सहा गणितं डोक्यात राहिली. मी आकडेसुद्धा बदलले नाहीत. भाचीचं भलं व्हावं एवढंच मनात होतं, अक्कल गहाण टाकली होती म्हण. कुणाला कळलं तर माझी बावीस वर्षांची नोकरी जाईल आणि पोरीला शाळेच्या फाटकातही उभं करणार नाहीत. तिला यातलं अक्षरही सांगू नकोस. जिन्यात पाऊल वाजलं तरी मी दचकते.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डबे उपसले, गाद्या उलटल्या, कागद सापडला नाही. आज कळलं कुठे होता ते. गणितं कोरी का सोडलीस, असं बाईंनी विचारताच बुटकीनं तो दप्तरातून काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, ही मी आधीच सोडवली होती, पेपरात लिहिली असती तर कॉपी झाली असती. कुणी दिली, असं बाईंनी विचारलं. मावशीनं, म्हणाली, आणि अक्षर तिचंच आहे हेही कौतुकानं सांगितलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. मावशी कुठे काम करते, असं त्यांनी विचारलं. मला ठाऊक नाही, असं मी सांगितलं. सख्ख्या बहिणीचं काम ठाऊक नाही! बुटकीला छापखाना ठाऊक आहे, पण ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी कागद ठेवून घेतला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. ताई, मला आता बाईंपेक्षा तिचीच भीती वाटते. काय करू, लगेच कळव.

तुझीच,
धाकटी

ता. १७ मार्च

चि. बुटकीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुलाच आहे, आईला मागाहून वाचून दाखव. काल मी आमच्या मॅनेजरसाहेबांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शाळेत फोन केला आणि मला घरी पाठवलं. परत बोलावतील असं वाटत नाही. पुढे काय होईल याची भीती वाटते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण यात तुझी काही चूक नाही. आई खोटं बोलली ती माझ्यापायी, तेव्हा तिच्याशी धरलेला अबोला आता सोड.

सगळ्याच मुलांची परीक्षा पुन्हा होणार आहे. तुलाही बसवायचं, असं बाईंनी फोनवर बजावून सांगितलं. पेपर दुसरीकडे छापणार आहेत. या वेळी एकही गणित कोरं सोडू नकोस. त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही.

तुझा लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
मावशी